नंदूचा अर्धा ढुम्या

नंदू गुंडेटी वीस वर्षं माझ्या शेजारच्या टेबलावर बसला. चादरीच्या कारखान्यात तो चौकटीच्या कागदावर नक्षी भरायचा आणि मी तिच्यावरून जकार्ड मागाचे भोकांचे पत्ते पाडायचो. त्याचा हात सोन्याचा, डोकं मात्र नुसतं खोकं. मी शिवराज. जे बोलायचं ते तोंडावर बोलतो.

आमच्या धंद्यात चादरीवर मोर पाहिजे असला तर कागदावर अर्धाच काढतात. उरलेला अर्धा माग उलटवून विणतो. पुरा काढला तर मालक विचारतो, कागद फुकट आलाय काय.

दोन हजार नऊ साली सोलापुरातल्या आमच्या शुक्रवार पेठेतला सुबोध पुण्यात मोबाइलचे गेम करायला लागला. तवाच्या फोनचा पडदा बोटभर, चित्रं सगळी चौकटींची. त्याला नंदू आठवला. "अण्णा, एक प्राणी काढून द्या की." नंदूनं बैलाची शिंगं, घुबडाचं तोंड, कोंबड्याचे पाय असला प्राणी काढला, नाव ठेवलं ढुम्या, आणि हाताच्या सवयीनं अर्धाच पाठवला. पुण्यातल्या शहाण्यांना वाटलं, हाय तो एवढाच. एक डोळा, एक शिंग, एक पाय. पाय एकच म्हणून त्यांनी त्याला उड्या मारायला लावलं, आणि पोरं त्या उड्यांवर येडी झाली.

कारखान्यात आम्ही हसून हसून लोळलो. सगळ्यात जास्त मी. 'नंद्यानं अर्धवट पोर काढलं' हे वाक्य माझंच, अजून चालतंय.

नंदूला ते लई लागलं. त्याचं एकच मागणं होतं: माझा ढुम्या पुरा करा आणि खाली माझं नाव टाका.

गेमच्या दुसऱ्या भागात ढुम्याला रंग आला. तिसऱ्यात डोळा बशीएवढा झाला, कारण मोठ्या डोळ्याचं पोरांना आवडतं. चौथ्यात बारकी पोरं भितात म्हणून शिंगाचं टोक घासलं, पाचव्यात अंगावर मऊ केस आले. घुबड कुटं गेलं, बैल कुटं गेला, काय पत्ता नाही. पाय तेवढा एकच राहिला. दर भागाच्या आधी नंदू पुऱ्या ढुम्याचा कागद पाठवायचा आणि सुबोध म्हणायचा, "पुढच्या वेळी बघू, अण्णा."

गेल्या दिवाळीच्या तोंडावर सहावा भाग आला. पुण्यातल्यांना नवं काही सुचेना, म्हणून त्यांनी नंदूचा कागद वापरला. दोन डोळे, दोन शिंगं, दोन पाय, आणि खाली 'मूळ चित्र: नंदू गुंडेटी, सोलापूर'. सोळा वर्षांनी. नंदूनं कारखान्यात प्रत्येकाच्या हातावर पेढा ठेवला. मी दोन खाल्ले आणि आतून जळलो.

दोन पायांचा ढुम्या चालायला लागला. उडी गेली. चार दिवसांत खेळणाऱ्यांनी शिव्यांचा नुसता खच पाडला. 'कोण हा गुंडेटी? ह्याचे हात तोडा.' मी त्याला एकेक वाचून दाखवली.

"बास कर, शिवराज," तो म्हणाला. मी केलं नाही.

भाऊबीजेला त्याची सात वर्षांची नात उर्वी भिवंडीहून आली. मी फराळाला तिथंच होतो. पोरगी फोन धरून हमसून रडत होती. "ज्यानं ढुम्याला चालायला लावलं तो माणूस मरू दे."

नंदूची बायको प्रेमलावहिनी तोंड उघडणार, तेवढ्यात नंदूनं डोळ्यानं गप्प केलं. नात त्याला ताता म्हणते, तेलुगूत आजोबा, त्याचं नाव तिला कुठलं ठाऊक. तो बाहेर गेला आणि त्यानं सुबोधला फोन लावला. "अर्धा परत आण. माझं नाव काढून टाक." सोळा वर्षं न आलेलं नाव संध्याकाळच्या आत गेलं.

दोन दिवसांनी मी परत गेलो, तर उर्वी फोन नाचवत आली. "ताता, बघा, ढुम्या उड्या मारतोय. त्या घाण माणसाला हाकललं."

"बरं झालं की," नंदू म्हणाला आणि तिनं पुढं केलेल्या हातावर त्यानं टाळी दिली.

मी हसलो. खोटं कशाला बोलू.