चांगदेव साळवे यांची धाड

ठाकुर्लीचे चांगदेव साळवे यांनी मानपाड्याच्या एका रंगाच्या कारखान्यात तेहतीस वर्षे नोकरी केली आणि त्याहून अधिक वर्षे कबड्डी खेळली. ते डावा कोपरा सांभाळत. चढाईला आलेल्या गड्याचा घोटा त्यांच्या हाती सापडला, की तो गडी परत जात नसे, असे वस्तीतील जुने लोक आजही सांगतात. निवृत्तीनंतर ते मुलींना शिकवू लागले. त्यांत त्यांची पुतणी दर्शना सर्वांत चपळ होती. तिचे वडील, म्हणजे चांगदेवांचा धाकटा भाऊ, वारल्यापासून ती त्यांच्याच घरी वाढली.

तीन वर्षांपूर्वी मुलींनी फ्लॅग फुटबॉलचा हट्ट धरला. अमेरिकन फुटबॉलचा हा सौम्य प्रकार आहे. चेंडू लांबट असतो, संघात पाच जणी खेळतात आणि समोरचीला पाडायचे नसते. तिच्या कमरेला लटकणारी झेंडी ओढली की तिची धाव तिथेच संपते. अंगाला धरले तर दंड होतो. चांगदेव हा खेळ मोबाइलवर पाहून शिकले. इंग्रजी समालोचन कळत नसल्याने ते आवाज बंद ठेवत, त्यामुळे त्यांचे सारे लक्ष खेळाडूंच्या पायांवर राहिले.

त्यातून त्यांनी बचावाची एक रीत बसवली आणि तिला धाड हे नाव दिले. चेंडू फेकणारीच्या अंगावर इतर संघ एकीला पाठवत. चांगदेव तिघींना पाठवत. नियमाप्रमाणे सात यार्ड मागून सुटायचे, पण तिघींनी एकदम आणि तीन बाजूंनी. मागे राखणीला दोघीच उरत. फेकणारीला विचार करायला उसंतच दिली नाही तर दोघी पुष्कळ झाल्या, असे त्यांचे म्हणणे होते. मुली त्यांची थट्टा करत की काकांना चहासुद्धा उकळायच्या आत हवा असतो.

जानेवारीत कल्याणच्या मैदानावर ठाण्याच्या संघाशी सामना ठरला. त्यातूनच राज्य संघाच्या मुली निवडल्या जाणार होत्या. निवड करणाऱ्या रसिका देवरुखकर कडेला वही घेऊन बसल्या होत्या. कोणी झेंडी ओढली किंवा चेंडू झेलला की त्या नावापुढे खूण करत. दर्शनाची ही शेवटची संधी होती, कारण पुढील वर्षी ती या वयोगटात बसणार नव्हती.

पहिल्याच डावात ती वाऱ्यासारखी सुटली आणि फेकणारीपर्यंत सर्वांआधी पोहोचली. पण झेंडी ओढण्याऐवजी तिने त्या मुलीच्या कमरेला दोन्ही हातांनी घट्ट मिठी घातली. शिट्टी वाजली. पुढे आणखी दोनदा तेच घडले. त्या दंडांच्या जोरावर ठाण्याच्या मुलींनी आघाडी घेतली. चांगदेव मान खाली घालून उभे राहिले. ती पकड त्यांनीच तिला दहाव्या वर्षापासून शिकवली होती.

मध्यंतरात त्यांनी तिला बाजूला घेतले.

“डावा हात पाठीमागे ठेव,” ते म्हणाले. “एका हाताने पकड बसत नाही. मग उजवा मिठी घालायला जाणार नाही, झेंडीकडेच जाईल.”

“काका, एका हाताने झेंडी सुटली तर? मॅडम खुणा मोजतायत.”

“सुटू दे. तू नुसती पोहोच.”

“तुमचं बरंय. माझं हे शेवटचं वर्ष आहे.”

मध्यंतर संपल्याची शिट्टी वाजली. मैदानात शिरताना दर्शनाने डावा हात पाठीशी नेला.

उत्तरार्धात तिच्या हाती एकही झेंडी आली नाही, परंतु दंडही झाला नाही. ती दर वेळी फेकणारीच्या तोंडासमोर जाऊन उभी ठाकत होती आणि चेंडू भलतीकडे जात होता. चांगदेवांच्या मुली एका गुणाने पुढे गेल्या. शेवटच्या फेकीलाही ती अशीच धावून गेली. फेकणारीने घाबरून चेंडू उंच उडवला आणि मागे राखणीला असलेल्या समीक्षाने तो अलगद झेलला. सामना जिंकला. सगळ्यांनी समीक्षाला खांद्यावर घेतले.

निवडीच्या यादीत समीक्षाचे नाव होते. दर्शनाचे नव्हते.

चांगदेवांनी आयुष्यात घरच्या माणसासाठी कोणाकडे शब्द टाकला नव्हता. तो सख्खा धाकटा भाऊ कारखान्यात कायम व्हावा म्हणूनही ते साहेबांकडे गेले नव्हते, आणि तो शेवटपर्यंत कंत्राटीच राहिला. त्या दिवशी मात्र ते देवरुखकरांसमोर जाऊन उभे राहिले. दर्शना आपली सख्खी पुतणी आहे, हे त्यांनी सुरुवातीलाच सांगून टाकले. मग म्हणाले, “मॅडम, तुमच्या वहीत झेल आहे. तो झेल जिच्यामुळे मिळाला, ती नाही. तिला एका हाताने खेळायला मी सांगितलं.”

बाईंनी बराच वेळ वही चाळली. तो हात त्यांनीही पाहिला होता. दुखावला असेल असे त्यांना वाटले होते.

“यादी बदलणार नाही,” त्या म्हणाल्या. “राखीव म्हणून नाव घालते. रविवारी सरावाला पाठवा. पण दोन्ही हात मोकळे ठेवून खेळता आलं पाहिजे.”

“शिकवतो. चूक माझी होती.”

दर्शना मैदानाच्या फाटकापाशी बुटांच्या नाड्या सोडत बसली होती. चांगदेवांनी सर्व हकीकत सांगितली, भावाची गोष्टसुद्धा. तिने वर पाहिले नाही. दुसऱ्या बुटाची नाडी सोडून झाल्यावर तिने विचारले, “रविवारी किती वाजता?”