हिरावैनीचा आवाज

ही गोष्ट मी वर्षानुवर्षं टाळली. गावात विषय निघाला की उठून जायचो.

कोर्टात स्पीकरवर हिरावैनीचा आवाज लावला होता. माझ्या चुलतभावाची बायको. रबाळ्याच्या खाडीत गुडघाभर चिखलात उभं राहून शिंपल्या काढणारी. "रातच्याला घोटभर घेतल्याबिगर झोप नाय येत. पायांची आग होते." मागच्या बाकावर कंपनीची माणसं हसली. आधी तिच्या बोलीला, मग दारूला. वैनी समोरच होती, शेजारी तिचा मुलगा बसला होता. त्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

कंपनीचा वकील म्हणाला, "नाल्याचं पाणी राहू द्या, बाई. दारूनं काय काय होतं, माहीत आहे ना?"

ते रेकॉर्डिंग माझं. नाल्यातून खाडीत येणारं कारखान्याचं पाणी आणि बायकांचे आजार, असं मी नोकरीला होतो त्या कॉलेजचं संशोधन होतं. सरांसमोर बायका बोलेनात, म्हणून विचारायला गावचा मी गेलो. ओटीवर बसून वैनीनं विचारलं होतं, "कोनाला सांगशील नाय ना, भावजी?"

"तुझं नाव कुठं जानार नाय," मी म्हणालो होतो.

बायकांनी भरपाईचा दावा लावला. कंपनीनं आमचं संशोधन मागितलं. कोर्टानं द्यायला सांगितलं, पण नावं झाकून, नुसतं लिहून दिलं तरी चालेल, असंही आदेशात होतं. मी सरांना ते दाखवलं. म्हटलं, मी बसून सगळं लिहून काढतो.

सर हसले. "अहो, तुमच्या लोकांना कसली आलीय प्रायव्हसी? नाक्यावर उभं राहून भांडता तुम्ही. द्या तसंच."

तुमच्या लोकांना. इतकी वर्षं त्यांच्या टेबलाशी चहा प्यायलो होतो. नोकरी टिकवायची होती. सगळी रेकॉर्डिंगं, नावांसकट, माझ्या हातानं नेऊन दिली.

कोर्टाबाहेर वैनी एवढंच म्हणाली, "त्यांना मी कवाच सांगितला नसता. तुला सांगितला."

पुढच्याच आठवड्यात सर म्हणाले, "नवा सर्व्हे त्याच गावात. तुमच्याशी बोलतात त्या." मी रेकॉर्डर टेबलावर ठेवला. "त्या आता नाही बोलणार. आणि मी विचारणार नाही." नोकरी तिथं संपली.

दावा फेटाळला गेला. अपील अजून चालू आहे. वैनी राहिली नाही, बाकीच्या बायका आहेत. मी प्रतिज्ञापत्र दिलंय. आदेशात काय होतं, सर काय म्हणाले, मी काय केलं. उलटतपासणीत मलाही हसतील. हसू देत. मी त्याच कोर्टात, माझ्याच बोलीत सांगणार.

वैनी होती तेव्हा एकदा तिच्या दारात गेलो होतो. तिनं पाण्याचा तांब्या पुढं केला. पाणी प्यायलो, परत आलो. सांगायचं राहिलं ते एवढंच: वैनी, तू खरा बोललीस. दगा मी दिला.