विनाकारण चालणारे मास्तर

घोडनदीच्या काठाने आणि शिरूरच्या माळाने आजवर चालणारी माणसं पुष्कळ पाहिली असतील. पण काहीही काम नसताना चालणारा माणूस त्यांनी एकच पाहिला, आणि तो आमच्या शेजारी राहत होता. मिशनच्या शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले हे मास्तर. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे माझं इंग्रजी ही आपली जबाबदारी आहे असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं आणि सुट्टीत घरी आलो की ते मला रोज फिरायला नेत. त्यांच्याविषयी लिहायला मी कितपत लायक आहे कोण जाणे. पण त्यांच्यामागून इतका चाललो आहे की पाठमोरे तरी ते मला चांगले ठाऊक आहेत.

या सगळ्याचं मूळ एका पुस्तकात होतं. मिशनच्या एका मडमबाई विलायतेला कायमच्या परत निघाल्या तेव्हा त्यांनी ते मास्तरांना दिलं. तिकडच्या कुठल्याशा खेड्याभोवती कसकसं फिरावं, एवढंच त्यात सांगितलं होतं. चर्चच्या मागच्या फाटकातून निघा, ओढा ओलांडा, गिरणी डाव्या हाताला ठेवा, पुढे टेकडीवर मेंढ्या दिसतील. आता आमच्याकडे चर्च होतं. ओढा होता, कोरडा का असेना. गिरणी पिठाची होती आणि तिच्या इंजिनाची टुकटुक ओढ्यापर्यंत ऐकू यायची. मेंढ्या तर धनगरांच्या होत्याच. "बघ, सगळं जुळतं!" मास्तर म्हणत. जे जुळत नसे ते जुळवून घेत. पुस्तकातलं हिरवंगार कुरण म्हणजे आमचा कुसळांचा माळ, आणि पिवळ्या रानफुलांच्या जागी तरवड. फिरणं झाल्यावर वाटेवरच्या सरायीत बसून थंडगार बिअर प्यावी, असंही पुस्तकात होतं. एक तर राज्यात दारूबंदी, त्यात मास्तर स्वतः चर्चमध्ये दारूविरुद्ध बोलणारे. तेव्हा ती जागा आबांच्या वस्तीवरच्या ताकाने भरून निघाली. आबा म्हणजे नदीकडच्या मळ्याचे मालक; तालेवार शेतकरी, सोसायटीच्या निवडणुकीत ज्यांच्या शब्दाला वजन असतं असे. मास्तर भाकरीच्या दोन तुकड्यांत काकडीच्या चकत्या घालून आणत, त्यावर लोटाभर ताक पीत आणि मिशा पुसून म्हणत, "आबा, तुमची सराय फारच उत्तम आहे." आबा आपल्या कडब्याच्या गंजीकडे आणि बांधलेल्या म्हशीकडे नव्याने बघत.

गावाला मात्र हे पचत नव्हतं. आमच्याकडे माणूस चालतो तो कुठेतरी पोचायला. हातात टमरेल असलं तर कुणी विचारत नाही, खांद्यावर खोरं असलं तरी विचारत नाही. मास्तरांच्या हातात नुसती काठी आणि डोक्यावर हॅट.

"कुठं निघालात मास्तर?"

"फिरायला."

"व्हय, पर कशाला?"

"फिरायलाच."

मग विचारणारा माझ्याकडे सरकून हळूच म्हणायचा, "घरात काय भांडान झालंय का रं?"

ज्यांना भांडणाची खात्री पटत नसे ते मास्तरांना काम देऊ बघत. एक आजी तर रोज मिरच्यांचं गाठोडं घेऊन वाटेत उभ्या. "जाताच हायसा तर माझ्या लेकीच्या वस्तीवर एवढं टाका की." मास्तर हॅट काढून, अगदी नम्रपणे नकार देत. "आजी, गाठोडं घेतलं की मी फिरायला गेलो असं होत नाही. मी मिरच्या पोचवायला गेलो असं होतं." मागून आजींचं उत्तर यायचं, "मंग काय बिघडलं?" याचं उत्तर पुस्तकात नव्हतं. पण मास्तरांचं म्हणणं ठाम होतं. जन्मभर घंटेवर शाळेत गेलो, घंटेवर घरी आलो. आता उरलेलं चालणं कुणाच्याही कामाचं नसावं.

खरं सांगायचं तर मास्तरांना आताशा नीट दिसत नव्हतं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता आणि ही गोष्ट बाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, आणि मी सोडून कुणाला ठाऊक नव्हती. पुण्याला जाऊन ऑपरेशन करा म्हटलं की ते इंग्रजीत बोलू लागत. सडकेने चालायचं तर एस.टी. आणि उसाच्या ट्रका. आबांच्या मळ्यातून नदीकडे जाणारी पायवाट तेवढी त्यांच्या पायांना पाठ होती. ती होती तोवर त्यांचं फिरणं होतं.

आणि डोळे असे मंदावले त्याच वर्षी आबांनी विहिरीवर इंजिन बसवलं. साखर कारखान्यापायी ज्याच्या विहिरीला पाणी तो ऊस लावत होता. आबांनीही लावला. मळ्याला बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलं आणि पायवाट नांगरायचं ठरवलं.

"विलायतेत," मास्तर त्यांना म्हणाले, "जुनी पायवाट सगळ्यांची असते. मालकालासुद्धा ती मोडता येत नाही."

"आस्सं?" आबा म्हणाले. "मंग तिथल्या आबाचं घरात तरी कोन ऐकतं का?"

तरी जुना स्नेह म्हणून आबा नांगर लांबवत राहिले. मास्तरांना वाटलं, पुस्तक लागू पडलं. त्यांनी सुताराकडून कुंपणाच्या दोन्ही बाजूंनी चढता-उतरता येईल अशा लाकडी पायऱ्या करून घेतल्या. पुस्तकात चित्रच होतं तसं. माणूस ओलांडतो, गुरं अडतात, कुंपण शाबूत राहतं. चित्रात गुरं म्हणजे गाई होत्या. विलायतेत शेळ्या नसाव्यात. आमच्याकडे होत्या, आणि त्यांनी दुसऱ्याच दिवशी, एकीमागे एक, शिस्तीत, पायऱ्या चढून आबांचे उसाचे कोवळे कोंब फस्त केले. शेळ्यांची मालकीण वाटेत भेटली तेव्हा तिने मास्तरांना हात जोडले. "मास्तर, शेरडांना जिना बांधनारा मानूस मी पैल्यांदा बघितला."

संध्याकाळी आबा त्या पायऱ्या खांद्यावर घेऊन आले आणि मास्तरांच्या अंगणात धाडकन टाकल्या.

"घ्या तुमची विलायत. उद्या नांगर घालतो वाटंवर."

मास्तर घाईने उठून आबांकडे निघाले आणि समोरच पडलेल्या पायऱ्यांना अडखळून गुडघ्यावर आले. उजेड अजून चांगला होता. आबांनी त्यांना दंडाला धरून उठवलं, त्यांच्या तोंडासमोर हात हलवून पाहिला आणि माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली. आबा ओट्यावर बसले. बाईंनी चहा आणून ठेवला, तो कुणी घेईना.

आबा म्हणाले, "मास्तर, उसाला पानी सोडलं की पाट कुठंतरी फुटतो. सांजसकाळ फेरी मारायला मानूस पायजे. तुम्ही माराल का?"

"मी कामाला जात नाही, आबा. फिरायला जातो."

"फिरायला वाट ठिवली तर भाऊबंद म्हनतील, आबाला याड लागलं. पान्यावर मानूस ठिवला आन् त्याला वाट ठिवली, तर कोन काय म्हनंल?" मग चहाचा कप उचलत, दुसरीकडे बघत ते म्हणाले, "आन् त्या कामाला डोळं लागत न्हाईत. पाट फुटला की आवाज येतो."

मास्तरांनी पायऱ्या कुठे आहेत ते हाताने चाचपून पाहिलं आणि त्या बाजूला सारल्या.

पुढच्या सुट्टीत आलो तेव्हा ऊस डोक्याच्या वर गेला होता आणि त्याच्या मधून एका माणसापुरती वाट शाबूत होती. पाट फुटला की मास्तर हाक देत आणि वाफ्यांची दारं धरून पाणी देणारा गडी धावत येई. बाई सांगत होत्या, "एकदा मध्यरात्री उठून म्हणाले, पाणी वाया जातंय. आणि खरंच जात होतं." गाव आता त्यांना पाण्यावरचा माणूस म्हणून ओळखू लागलं होतं, कशाला निघालात असं कुणी विचारत नव्हतं. मला आनंद झाला. मी सकाळी त्यांच्या दारात जाऊन म्हणालो, "मास्तर, चला, फिरायला जाऊ."

"आज नाही रे," ते म्हणाले. "आज पाण्याची पाळी आहे."

आणि ते निघाले. मी थोडं अंतर त्यांच्यामागून गेलो. पूर्वी दर बाभळीपाशी थांबून वर कुठला पक्षी बोलतो आहे ते मला विचारणारे मास्तर त्या दिवशी एकदाही थांबले नाहीत.