मामाचा घास

रक्ताची एक पिशवी थेंबाथेंबानं संपायला चार तास तरी लागतात. तेवढा वेळ तीन आया एका बाकावर बसल्या की किस्से साठणारच. घरात झाकण हरवलेल्या बरण्या साठतात ना, तसे. उपयोग काही नाही, टाकवतही नाहीत.

हा बाक सांगलीतल्या एका दवाखान्यातला. थॅलेसेमियाच्या मुलांना दर तीन-चार आठवड्यांनी तिथं रक्त चढवतात, कारण त्यांच्या अंगात स्वतःचं रक्त नीट बनत नाही. मी उंब्रजहून माझ्या मुक्ताला घेऊन येते. ती आता दहा वर्षांची आहे. म्हसवडची शालन तिच्या मुलाला आणते. आणि मिरजेकडच्या जैनांच्या पद्माक्का, त्यांची दोन.

*

पहिल्या दिवशी प्रत्येक आई डॉक्टर मॅडमना एकच विचारते, गरोदरपणी मी काय चुकीचं खाल्लं? मॅडम न कंटाळता सांगतात. शरीर कसं घडवायचं ते सगळं डीएनएमध्ये लिहिलेलं असतं. प्रत्येक पानाच्या दोन प्रती, एक आईकडून, एक बापाकडून. रक्ताच्या पानाच्या एका प्रतीत चूक असली तरी दुसरीवर भागतं. त्याला मायनर म्हणायचं, ते आपण आईबाप. मुलाला दोन्हीकडून चुकलेलीच प्रत आली की झालं मेजर.

पद्माक्कांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "पर मॅडम, आमच्यात कांदा-बटाटासुदीक चालत न्हाई. मग चूक शिरली कुठनं?"

"अक्का, ही चूक तुमच्या स्वयंपाकघराच्या फार आधीची आहे."

*

मला ते पटकन समजलं, कारण आमच्या भावकीत असंच झालंय. मार्गशीर्षातल्या गुरुवारची कहाणी आमच्या चुलत सासूबाईंनी हातानं उतरवून घेतली, तेव्हा त्यांच्या दोन ओळी सुटल्या. त्यांच्यावरून आम्ही जावांनी उतरवली. पुढं सुनांनी झेरॉक्स काढल्या. आता झेरॉक्स कितीही स्वच्छ निघाली तरी सुटलेली ओळ काय त्यात उगवणार आहे? आमच्याकडं राणी रागावते ती एकदम रानातच जाऊन उभी राहते, मधलं कुणालाच ठाऊक नाही!

मॅडमना सांगितलं तर त्या खूश झाल्या. म्हणाल्या, अगदी हेच. पेशीनं नक्कल करताना कुणा पूर्वजाचं एखादं अक्षर चुकलं, त्याला म्यूटेशन म्हणतात. पुढच्या पिढ्यांनी इमानदारीनं ती चूकच उतरवली.

मला जरा धीर आला. म्हटलं, "पण देवीनं आमची कहाणी तशीच गोड मानून घेतली की."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "देवी समजून घेते, ताई. पेशी नुसतं वाचते."

*

शालनचा नवरा रक्त तपासायलाच तयार नव्हता. आमच्या घराण्यात असलं कोण न्हाई, जे काय आलं ते हिच्या माहेरचं, हे त्याचं पालुपद. शेवटी सिद्धनाथाची शपथ घालून शालननं त्याला आणलं. रिपोर्ट आला, दोघंही मायनर. मॅडमनी समजावलं, अर्धं तुमचं, अर्धं तिचं, दोष कुणाचाच नाही.

त्यानं डोक्यावरची टोपी काढून हातात धरली. मग हळूच म्हणाला, "मॅडम, तिचं वाईच जास्त लिवता येईल का? घरी आई हाय."

*

पद्माक्कांचं ऐकाल तर हसायचं की रडायचं ते कळणार नाही. पहिला मुलगा मेजर निघाला तेव्हा त्यांना सांगितलं होतं, दोघं मायनर असलात की चारातलं एक मूल असं होऊ शकतं. सासऱ्यांनी घरी हिशेब मांडला, चारातला एक होऊन गेला, म्हणजे आता पुढची तिन्ही चांगली. मग पोटातल्या बाळाची तपासणी कशाला? मुलगी झाली. तीही मेजर.

सासरे दवाखान्यात येऊन भांडले, "चारातलं एकच म्हनला हुतासा की!" मॅडम म्हणाल्या, चिठ्ठी काढली की ती परत मडक्यात जाते, प्रत्येक बाळाला चारही चिठ्ठ्या नव्यानं.

पद्माक्का आता दोन खाटांच्या मध्ये बसतात. म्हणतात, बरं झालं, मला मान वळवून दोघं दिसत्यात.

*

आता आमच्या घरचं. मुक्ता सहा महिने कशी गुटगुटीत होती. उष्टावणाला माझा धाकटा भाऊ विकास मिलिटरीतून खास रजा काढून आला. पहिला घास मामाचा. त्यानं अंगठी बुडवून खीर भरवली. महिन्याभरात पोर पांढरी फटक पडली.

सासूबाई म्हणाल्या, "मामाचा हात लागला."

विकासनं ते ऐकलं. त्यानंतर त्यानं कुणाच्याच लेकराला घास भरवला नाही. मुक्ताच्या तर खाटेजवळही येईना. मी उपास पुष्कळ करते, सोमवार, संकष्टी, पण त्या दिवशी एक वेगळंच धरलं. विकासच्या हातचा घास मुक्ताच्या तोंडात जाईपर्यंत मला गोड वर्ज्य, हे आता मुक्तालाही ठाऊक आहे.

मॅडमनी पुढं उलगडून सांगितलं. सगळं पुस्तक सगळ्या पेशींत असतं, पण जिथं जे लागतं तेवढंच पान उघडतं. पाककृतीच्या वहीत पुरणाच्या दिवशी आपण पुरणाचंच पान बघतो, तसं. पोटात असताना बाळाचं रक्त एका पानावरून बनतं. जन्मानंतर काही महिन्यांत ते पान मिटत जातं आणि दुसरं उघडतं. मुक्ताचं चुकलेलं पान ते दुसरं. "खीर कुणीही भरवली असती तरी पान उलटणारच होतं," मॅडम म्हणाल्या.

मी हे सगळं विकासला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "व्हय ताई." साहेबाला म्हणतात तसं.

*

रक्त देऊन देऊन मुलांच्या अंगात लोह साठतं. जे जगवतं तेच आतून नासवतं. ते काढायला रोज गोळ्या. मुक्तानं हे ऐकलं आणि घरी फ्रीजवरचा गणपतीचा मॅग्नेट काढून आपल्या पोटावर लावून बघितला. तो खाली पडला.

"आई, चिकटत नाही," ती म्हणाली. "औषध लागू पडलं."

मी देवापुढं साखर ठेवली. रिपोर्टातलं लोह मात्र वाढलेलंच होतं.

*

यंदा विकासचं लग्न खंडाळ्याच्या मुलीशी ठरत आलं होतं. पत्रिका जुळली होती. मीच त्याला रक्त तपासायला लावलं. मायनर निघाला. मॅडम म्हणाल्या, खुशाल लग्न करा, मुलगी मायनर नाही एवढं बघा. त्यानं सरळपणे मुलीकडच्यांना सांगितलं. मुलीचं रक्त तपासणं लांबच, त्यांनी फोन उचलणंच बंद केलं.

"बघ ताई," तो मला म्हणाला, "माज्याबी रक्तात हायच की. तुज्या सासूबाई उगं बोलल्या न्हाईत."

पुढच्या खेपेला तो आम्हाला पोचवायला म्हणून सांगलीला आला आणि वॉर्डाच्या दारातच उभा राहिला. सोमवार होता. नैवेद्याची खीर मी डब्यात आणली होती. मुक्ताच्या उजव्या हाताला सुई, डाव्या हातानं ती सांडायला लागली. मी तिला भरवायला पुढं झाले तर तिनं मान फिरवली.

"मामा, तू ये."

विकास हलला नाही. पद्माक्का आणि शालन, दोघी खाली बघायला लागल्या.

"ये की मामा," मुक्ता म्हणाली. "घाबरतोस काय? माझं पान कवाच उलटलंय."

तो आला. त्यानं पहिला चमचा इतका काठोकाठ भरला की निम्मी खीर चादरीवर पडली. बाकीची तिनं सावकाश खाल्ली. डब्यात शेवटचा एक चमचा उरला, तेव्हा तिनं तोंड मिटलं आणि डबा माझ्याकडं सरकवला.