बिनऔषधाची माती

टोमॅटोची गाडी घेऊन दक्षिणेकडं गेलेला माझा दीर परत आला तो रिकाम्या क्रेटात एक कासव घेऊन. जमिनीवरचं कासव, तळहाताएवढं, पाठीवर पिवळ्या चांदण्या. असलं जनावर घरात ठेवायला बंदी आहे, हे नव्वदच्या त्या सालांत वारूळवाडीत आमच्यापैकी कुणाला ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तरी चौथीतल्या माझ्या लेकीनं ते सोडलं नसतं. तिला ना भाऊ ना बहीण. पहिल्या दिवशी ती त्याच्याशी जेवढं बोलली, तेवढं माझ्याशी महिन्यात बोलली नव्हती.

पडवीतल्या फरशीवर त्याचे पाय घसरायचे. आमचे हे म्हणाले, "क्रेटात माती टाक की थोडी."

मी उसळलेच. "माती? दिवसातून दोनदा पुसते मी ही पडवी! तुमच्या पायांनी येते तेवढी बास झाली."

माझा स्वभावच तसा, आधी तोंड सुटतं आणि मग डोकं चालतं. शेजारी पोल्ट्री होती. तिथं कोंबड्यांखाली भाताचा तूस अंथरतात. कोरडा, हलका, झाडला की मोकळं. एवढ्याएवढ्या पिल्लांना चालतो, मग ह्याला काय धाड भरलीय? पोतंभर तूस आणला, क्रेटात वीतभर अंथरला आणि लेकीला म्हटलं, "बघ, गादी केली त्याला. आता काय होत नाय."

आठवड्याभरात त्यानं खाणं सोडलं. डोळे सुजून मिटले. भोपळ्याच्या ओल्या फोडीला तूस चिकटायचा आणि ते तुसासकट गिळायचं, हे मी रोज माझ्या डोळ्यांनी बघत होते. बघत होते आणि मला त्यात काही वावगं दिसत नव्हतं! चार दिवस त्यानं घाणसुद्धा केली नाही. लेक शाळेतून आली की दप्तर न काढता क्रेटापाशी बसायची.

"आई, हे मरंल का गं?"

"गप. अभद्र बोलू नको."

पण रात्री दोनदा उठून मीच क्रेटात डोकावून आले. दुसऱ्या दिवशी त्याला टोपलीत घातलं आणि एसटीनं जुन्नर गाठलं. जनावरांचे डॉक्टर टोपलीत डोकावून म्हणाले, "वहिनी, मी गाईम्हशींचा माणूस." तरी त्यांनी त्याचं पोट चाचपलं, चिमट्यानं तोंडातून तुसाचं टरफल काढलं आणि माझ्यापुढं धरलं.

"हे आत जाऊन बसलंय. पोट तुंबलंय. रोज कोमट पाण्यात बसवा. तूस फेकून द्या, वाळू पण नको, ती पण गिळंल. साधी माती घाला, जराशी ओलसर. आणि औषध मारलेली अजिबात नको. हे दिवसरात्र मातीला पोट टेकून असणार, तोंडात पण तीच जाणार."

"जगंल ना पण?"

"आठवड्यात पोट मोकळं झालं तर जगंल."

घरी आले ती घमेलं घेऊन थेट वावरात. पाच एकर रान, मातीला काय तोटा! टोमॅटोत वाकले, तर परवाच फवारणी झालेली. द्राक्षाच्या बागेचं नावच नको. कांद्यात तणनाशक. बांधावर गेले तर तिथं फवारणीचे पंप धुतात. घरामागं भिंतीच्या पायाला वाळवीची पावडर, ती मीच हट्टानं टाकून घेतलेली. राहता राहिली तुळस. कट्ट्यात हात घातला आणि आठवलं, मुंग्या झाल्या म्हणून तिथंही मीच पावडर टाकली होती.

"अहो, पाच एकरांत ओंजळभर माती द्या म्हणते मी!" मी बांधावरनं ओरडले.

"औषधाशिवाय टोमॅटो पिकतो का?" तेही भडकले. "मग खाशील काय?"

मी रिकामं घमेलं आपटलं आणि तिथंच बसून रडले. पश्चिमेकडच्या डोंगरातून आमच्याकडं खुरपणीला येणारी बाई सगळं ऐकत होती. ती जवळ आली. "बाय, रडताय कशापायी? आमच्या नाचणीला कोण औषिद मारतंय? खायाला पैसं न्हाईत, औषिद कुठलं! उद्या घरला जाते, येताना पाटीभर आणते."

ती दोन दिवसांनी आली. तोवर मी कासवाला ओल्या फडक्यावर ठेवलं होतं आणि दर तासाला पाय हलतोय का बघत होते. माती तांबूस, भुसभुशीत. चाळून क्रेटात घातली, वर पाण्याचा हात फिरवला. कासव त्यात उतरलं, पुढच्या पायांनी उकरत आत शिरलं आणि निपचित पडलं. लेक रोज कोमट पाण्याच्या पातेल्यात त्याला धरून बसायची. पाचवा दिवस गेला. सहावा गेला. ती माझ्याकडं बघायची आणि मी नजर चुकवायचे.

सातव्या दिवशी सकाळी पाणी गढूळ झालं. मी हात घालून बघितलं, तुसाचा गोळाच! "सुटलं गं बाई!" मी अशी किंचाळले की शेजारीण धावत आली. लेक माझ्या गळ्यात पडली. दोन दिवसांत त्यानं डोळे उघडले आणि टेकडीवरनं आणलेली पाथरीची कोवळी पानं खाल्ली.

पुढच्या सोमवारी मी लेकीच्या डब्याला मेथीची भाजी केली. उरलेल्या जुडीतली चार पानं तोडून ती क्रेटाकडं निघाली. मी धावत जाऊन तिच्या हातावर फटका मारला.

"त्याला आपल्या रानातलं द्यायचं नाय म्हणून सांगितलं ना? परवाच औषध मारलंय मेथीवर!"

पानं खाली पडली. ती हात चोळत माझ्या ओट्यावरच्या उघड्या डब्याकडं बघत राहिली.

"मग मला?"

घरात दुसरी भाजी नव्हती. मी डब्याचं झाकण लावलं, तो दप्तरात घातला आणि म्हणाले, "पळ, शाळेची घंटा होईल."