टाकीतला समुद्र आणि आईचं बोट

आमच्या बाबांनी नागपुरात समुद्र आणला. कुठल्याही दिशेला निघा, समुद्र दिसायला दिवसभर गाडीत बसावं लागतं, अशा गावात! मुंबईला मामाकडे गेले असताना त्यांनी मत्स्यालय पाहिलं आणि परत आले ते बिघडूनच. सदर भागात त्यांचं फोटोफ्रेमचं दुकान होतं, काच कापायला हात बसलेला, त्यामुळे पाच फुटांची टाकी घरीच तयार झाली. ठेवायची कुठे? बैठकीत आजोबांचा हातमाग होता. बाबांनी तो विकून टाकला. आईला विचारलंसुद्धा नाही.

आईनं त्या मागासाठी वीस वर्षं कांजी शिजवली होती, सुताला लावायची. आजोबा गेल्यापासून माग नुसता उभा होता हे खरं, पण ती रोज सकाळी त्यावरची धूळ पुसायची. तो हातगाडीवर चढला त्या दिवसापासून तिनं बाबांशी बोलणंच सोडलं. "तुझ्या बापाले सांग, ताट वाढलं हाये," असं माझ्यामार्फत चालायचं, आणि बाप दोनच हातांच्या अंतरावर बसलेला असायचा. मी मॅट्रिकला होते आणि भयंकर चिडकी. या दोघांची पोस्टमनगिरी करून मला वीट आला होता.

समुद्र मामा पाठवायचा, मोठमोठ्या कॅनमधून, ओळखीच्या गार्डाबरोबर. स्टेशनवर एकदा पोलिसाला दारूचा संशय आला. बाबा म्हणाले, घ्या, चाखून पाहा. त्यानं चाखलं, तोंड वाकडं केलं आणि आम्हाला वेडे समजून सोडून दिलं. बरोबरच समजला. टाकी भरेस्तोवर थंडी संपली. मग प्रवाळाचे दगड आले आणि शेवटी पांढऱ्या पट्ट्यांचे दोन नारिंगी मासे. खोटं कशाला बोलू, सुंदर होते. गल्लीतली माणसं चपला काढून बघायला यायची. एका काकूंनी तर टाकीपुढे नारळ ठेवला.

आणि मे महिना आला. घरात कूलर एकच. तो कुणाला? माशांना! पाणी तापलं तर मरतील म्हणून बाबांनी कूलर टाकीच्या तोंडाशी नेऊन ठेवला. मासे वाळ्याच्या गार वाऱ्यात डुलून राहिले होते आणि आम्ही डोक्यावर ओले पंचे घेऊन बसलो होतो. त्या वाऱ्यानं पाणी रोज दोन-दोन बोटं आटायचं, आणि बाबा रोज मामाच्या कॅनमधून तेवढी भर घालायचे. समुद्र कमी झाला, समुद्र टाका. काय डोकं!

हळूहळू मासे कोपऱ्यात जाऊन बसू लागले. प्रवाळ मिटला तो मिटलाच. बाबा कूलर आणखी जवळ सरकवत राहिले. मग एका सकाळी एक मासा पोट वर करून तरंगताना दिसला. बाबा दुकानात गेलेच नाहीत. टाकीसमोर मांडी घालून बसले आणि मला हळूच म्हणाले, "दुसरा बी गेला त तुझ्या मायले तोंड कसं दाखवू वं? माग त गेलाच."

इतके दिवस मी त्या माशांच्या नावानं बोटं मोडली होती. पण बाबांचा तो चेहरा पाहून मला रडूच आलं.

थोड्या वेळानं ते उठले आणि पुन्हा कॅन उचलून टाकीत ओतू लागले. आई स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती. ती तरातरा आली. तिनं कॅनमध्ये बोट बुडवून जिभेला लावलं. मग टाकीत बुडवून लावलं, आणि खिडकीतून थुंकली.

"अगं माय! कॅनपेक्षा टाकीतलं कितीतरी खारट हाये," ती म्हणाली. चार-पाच महिन्यांनी ती थेट नवऱ्याशी बोलत होती. "पाणी उडून जाते जी, मीठ का उडून जाते? कांजी आटली त मी काय टाकत होती? अजून कांजी?"

"नाही. पाणी," बाबा शाळेतल्या पोरासारखे म्हणाले.

"मंग काहून हे रोज ओतून राहिले?"

बाबा लगेच विहिरीवरून बादली भरून आणायला धावले, तर तिनं तीही अडवली. एकदम नाही, थोडं थोडं, म्हणाली, कांजीतही एकदम ओतलं की बिघडते. पुढचे तीन दिवस ती सकाळ-संध्याकाळ टाकीत बोट बुडवायची, चाखायची, थुंकायची आणि सांगायची, एक तांब्या, दोन तांबे. बाबा मुकाट्यानं ओतायचे. कूलरही तिनंच मागे ओढला.

चौथ्या दिवशी मासा कोपऱ्यातून बाहेर आला आणि त्यानं दाणा खाल्ला. "खाल्लं वं! खाल्लं त्यानं!" बाबा अक्षरशः नाचले. "तू नसती त मेलाच होता."

"मले इचारलं असतं त पयलाही मेला नसता," आई म्हणाली. मग म्हणाली, "मागाचं बी इचाराले पायजे होतं."

बाबा टाकीच्या काचेकडे पाहत राहिले, आणि तिकडेच पाहत म्हणाले, "चुकलं वं माझं."

"माशाले काय सांगता?" आई म्हणाली. "इकडे पाहून सांगा."