करंजपाड्याची शेवटची बस

ज्योत्स्ना निकुंभचा डोळा लागतो तेव्हा भर दुपार आहे. नोव्हेंबरचं ऊन बसच्या खिडकीतून तिच्या मांडीवरच्या उघड्या वहीवर पडलंय. पुढच्या बाकावरच्या बाईची कोंबडी पिशवीतून मान काढून तिच्याकडे टक लावून बघतेय. नाशिक सोडून तासभर झालाय. काच खडखडते, थांबते, पुन्हा खडखडते. कोंबडीचा डोळा मिटतो. मग ज्योत्स्नाचाही.

खरं तर तिला झोपायचं नव्हतं. या रस्त्यावर तर नाहीच.

ती शाळेत गणित शिकवते. गेली नऊ वर्षं रविवार आला की दहा-बारा जणांबरोबर डोंगरात जाते. नियम एकच, गाडी काढायची नाही. बसनं जायचं, चालायचं आणि बसनंच परतायचं. हा नियम आणि सगळ्या वाटा दिगंबर खैरनारांच्या. मोजणी खात्यातून निवृत्त झालेला हा माणूस, सगळे त्यांना अण्णा म्हणत. कुठल्या फाट्यावर उतरायचं, पाणी कुठे लागेल, शेवटची बस किती वाजता, असं सगळं ते बारीक अक्षरात लिहून ठेवत. त्या कागदांचं आता पुस्तक करायचं ठरलंय. एकच वाट तपासायची राहिली आहे, करंजपाड्याहून सोनदऱ्याला चढणारी. प्रत्येकानं काही ना काही सबब सांगितली, कारण मे महिन्यात अण्णा गेले ते त्याच वाटेच्या पायथ्याशी, बस थांब्यावर. शेवटी ज्योत्स्ना एकटीच निघाली.

"सरक जरा," कुणीतरी म्हणतं.

ती सरकते. शेजारी माणूस बसतो, आणि गुडघ्याला चोळायच्या निलगिरीच्या तेलाचा वास येतो. तिला बरं वाटतं.

"अण्णा, गुडघा काय म्हणतोय?"

"आता नाही दुखत," अण्णा म्हणतात.

'आता' म्हणजे काय, ते तिला थोडं उशिरा कळतं. मान वळवायची नाही, एवढंच तिला सुचतं. ती समोर बघत राहते. समोर कोंबडी नाही, ती बाई नाही, सगळे बाक रिकामे आहेत. बाकांमधल्या पत्र्यावर गवत उगवलंय, आणि त्या गवतातून एक पायवाट पुढे वर चढत गेलीय.

"चल," अण्णा उठतात. "वाट तपासायला आलीस ना?"

तिची आई सांगायची, गेलेलं माणूस स्वप्नात आलं तर त्याच्यामागून जायचं नाही, त्याच्या हातचं काही घ्यायचं नाही. ज्योत्स्नाला ते शब्दन् शब्द आठवतं. पण पाय चालू लागलेले असतात. अण्णांची पाठ पुढे आहे, तोच चौकटीचा शर्ट, घामानं भिजलेला. आत कुठेतरी कातळात बसची घंटी वाजते, टण टण.

"अण्णा, मला परत जायचंय."

"बस आहे ना. पाच चाळीसची."

कातळ ओलांडला की खैरनारांचं स्वयंपाकघर लागतं. ओट्यावर मिठाची बरणी रिकामी उघडी पडलीय. अण्णांच्या पत्नी, कौसल्याकाकू, पाठमोऱ्या बसून चाकूनं जुन्या बुटाचे तुकडे करताहेत, भाजी चिरावी तसे, भराभर. त्या वर बघत नाहीत.

"बघ," अण्णा हळूच म्हणतात. "सहा महिने झाले. माझा फोटोसुद्धा नाही लावलेला. इतकी कशी गं चिडलीय माझ्यावर? तू काय सांगितलंस तिला?"

"मी... मी म्हटलं, तुम्हीच म्हणालात पुढे व्हा. तुम्हाला सूर्यास्त बघायचाय. तुम्ही मागून जीपनं येणार होतात."

"असं म्हणालो मी?"

ती मिठाच्या रिकाम्या बरणीकडे बघते.

"ज्योत्स्ना, असं म्हणालो मी?"

आवाज चढलेला नाही, आणि त्याचीच तिला जास्त भीती वाटते. ती मागे वळून पळते. दार उघडून बाहेर पडते, तर बाहेर नागलीचं कापलेलं शेत आहे आणि संध्याकाळ झालीय. खाली रस्त्यावर लाल बस उभी आहे. बसचं इंजिन सुरू आहे. ती धावते. गुडघ्यातून कळ मस्तकात जाते. हा गुडघा आपला नाही, तिला कळतं. ती हात वर करते. हात चौकटीच्या बाहीतला आहे.

"थांबवा!" ती ओरडते. आवाज म्हाताऱ्या पुरुषाचा निघतो.

बस हलते. मागून तिसऱ्या खिडकीत एक बाई बसलीय. दमलेली, तोंडावर रुमाल फिरवणारी. ती बाई वर शेताकडे बघते. हात वर केलेला माणूस तिला दिसतो. दिसतोच. क्षणभर ती कंडक्टरकडे वळते, तोंड उघडते, आणि मग पुन्हा मिटते. मान फिरवून पुढे बघू लागते.

खिडकीतली ती बाई ज्योत्स्नाच आहे.

"मला वाटलं कुणी गुराखी असेल," ती रडत म्हणते. "अकरा जण दमले होते. शेवटची बस होती. तुम्ही नेहमीच मागे राहायचात, अण्णा. मला वैताग आला होता. गुराखीच असेल असं मी मनाला सांगितलं."

"हं," अण्णा म्हणतात. ते आता तिच्या शेजारी, थांब्याच्या सिमेंटच्या बाकावर बसलेत. ती पहिल्यांदाच त्यांच्याकडे नीट बघते. डोळे उघडे आहेत, पण पापणी लवत नाही. कपाळावरून एक मुंगी चाललीय आणि ते तिला झटकत नाहीत.

"मला न्यायला आलात का?" ती विचारते.

"तुला कुठे नेऊ? मला स्वतःलाच पोचता आलं नाही." ते मांडीवरची टोपी उचलतात. टोपीत हिरवी करवंदं आहेत, देठांशी पांढरा चीक. "हिच्या लोणच्यासाठी तोडत बसलो, म्हणून मागे पडलो. मी येत होतो, एवढंच सांग तिला. हे धर."

"नको."

"धर गं."

"नको, अण्णा! पाया पडते तुमच्या!"

ते टोपी पुढे करून तसेच बसून राहतात. त्यांच्या मागे डोंगर काळा होत जातो. कुठून तरी काकूंच्या चाकूचा आवाज येत राहतो, खच, खच, खच. आता आपण हे घेतलं नाही तर इथून सुटका नाही, आणि घेतलं तरी कदाचित नाही. ती टोपीत हात घालते.

"बाई! ओ बाई! करंजपाडा आला, उतरायचंय ना?"

कंडक्टर तिच्या खांद्याला हात लावतो. ती किंचाळते. कोंबडीवाली बाई वळून बघते. "काय झालं गं, माय? घाबरलीस का?"

ज्योत्स्ना वही गोळा करून कशीबशी खाली उतरते. बस धूळ उडवत वळून जाते. थांब्यावर कुणी नाही. सिमेंटच्या बाकाकडे तिला बघवत नाही. ती रस्त्याच्या पलीकडे, उन्हात जाऊन उभी राहते आणि फोन लावते.

"काकू, मी ज्योत्स्ना. मी तुमच्याशी खोटं बोलले होते. अण्णा मागे राहतो म्हणाले नव्हते. ते येत होते. हात वर करून धावत होते. मी पाहिलं होतं. मी बस थांबवली नाही."

पलीकडे कुकरची शिट्टी तेवढी होते.

"कशाला मागे राहिले होते मग?" काकू विचारतात. आवाज ओळखू येत नाही.

"लोणच्यासाठी करवंदं तोडत होते."

"तुला कुणी सांगितलं?" काकू एकदम म्हणतात. "पोलिसांनी त्यांची टोपी दिली मला. आत करवंदं होती. मरायला डोंगरात बसून राहिला आणि वर करवंदं आणतोय, म्हणून संतापानं टोपीसकट उकिरड्यावर फेकली मी. कुणाला बोलले नव्हते. तुला कुणी सांगितलं, ज्योत्स्ना?"

ज्योत्स्ना पलीकडच्या सिमेंटच्या बाकाकडे बघते.

"तू ये इथे," काकू म्हणतात. त्या रडताहेत की रागावल्यात, कळत नाही. "आजच ये. समोर बसून सगळं सांग. मग मी तुला काय बोलायचं ते बोलेन."

"येते."

ती फोन कानापासून काढायला जाते, पण तो बोटांना चिकटून येतो. ती उन्हात हात उघडून बघते. रस्त्याच्या कडेच्या करवंदाच्या जाळ्यांवर नुसती पानं आणि काटे आहेत. करवंदांना अजून पाच महिने आहेत. आणि तिच्या पाचही बोटांच्या टोकांवर पांढरा, ताजा चीक आहे, अजून वाळायचाय.